मुदीने अर्धवट खेळलेला खेळ

जावातल्या तेगलमध्ये स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर माझं वारनेट होतं, म्हणजे इंटरनेटचं दुकान. बारा कॉम्प्युटर, दोन पंखे आणि भिंतीला लागून एक लांब बाक. तासाच्या हिशेबाने पोरं यायची, कुणी पत्रं लिहायला, कुणी नोकरीचे अर्ज भरायला, पण खरी गर्दी खेळणाऱ्यांची. मला स्वतःला खेळातलं काही कळत नसे. कुठला नवीन खेळ कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि कुठला नाही, हे मी तार्मुदीला विचारून ठरवायची.

तार्मुदी म्हणजे आमच्या भागातल्या एका लोखंडाच्या कारखान्यातला टर्नर. लेथवर होड्यांच्या इंजिनांचे भाग बनवायचा. पहिली पाळी संपली की हात घासून धुवायचा, तरी नखांत काळं राहायचंच, आणि सरळ माझ्याकडे येऊन चार नंबरच्या खुर्चीवर बसायचा. तिशी उलटलेला, एकटा, थोरल्या बहिणीकडे राहणारा. पोरं त्याला मास मुदी, म्हणजे मुदीदादा, म्हणायची.

त्याच्या मतांची सुरुवात एका वहीपासून झाली. मी विचारलेलं तो विसरायचा म्हणून माझ्या टेबलावर वही ठेवली आणि म्हटलं, खेळ संपला की दोन ओळी लिहून ठेव. त्याने लिहिल्या. वरून विटा पडतात आणि त्या जुळवायच्या असतात त्या खेळाबद्दल त्याने लिहिलं, 'हा जिंकता येत नाही, फक्त उशिरा हरता येतो. आमच्या मालकाने बनवला असावा.' फुटबॉलच्या खेळाबद्दल, 'गोलकीपर सोडून सगळ्यांना अक्कल आहे.' तलवारी आणि राक्षसांचा एक मोठा कोरियन खेळ होता, त्यापायी निम्मी पोरं शाळा बुडवायची. त्यावर त्याचं मत असं, 'गावचा म्हातारा चाळीस लांडगे मारून आणायला सांगतो. आणले की म्हणतो, आणखी चाळीस. पहिल्या चाळिसांचं त्याने काय केलं, हे विचारायची सोय नाही.' आणि शेतीच्या खेळावर, 'यात पाऊस कधीच चुकत नाही. लिहिणाऱ्याने शेत आगगाडीतून बघितलंय.'

नुसती थट्टाच करायचा असं नाही. शहर वसवायचा एक खेळ त्याला मनापासून आवडला होता. त्यावर त्याने लिहिलं होतं की मी एक रस्ता चुकीच्या जागी काढला, तेव्हा काही बिघडलं नाही, खेळातली वीस वर्षं गेल्यावर बिघडलं, आणि तोवर त्या रस्त्याकडेला माणसं राहायला आली होती. हे मत वाचून माझ्याकडे पत्र लिहायला येणारे एक निवृत्त मास्तर तो खेळ खेळून गेले.

त्याचा एक नियम होता. खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मत द्यायचं नाही. एका खेळाला त्याने अकरा आठवडे लावले. पोरं म्हणायची, मास, कसा आहे ते सांगा ना, आम्ही सुरू करू का? तो म्हणायचा, लेथवरून काम उतरल्याशिवाय माप घेत नाहीत. मला हे फार आवडायचं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

पुढे कुणीतरी त्याची मतं इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. मग त्याने स्वतःचं पान काढलं. वर्षभरात सुराबायापासून बांडुंगपर्यंतची माणसं ते वाचायला लागली. नवा खेळ आला की शेकडो जण विचारायचे, मास मुदी काय म्हणतोय? आणि माझ्या लक्षात यायला लागलं की तो आता लिहून झाल्यावर पुन्हा पुन्हा पान उघडतो. किती जण हसले ते बघतो. मी तेव्हा काही बोलले नाही. मलाही गंमत वाटायची, माझ्या दुकानातला माणूस एवढा गाजतोय.

याच दुकानात वेनिंग खेळायला शिकली होती. कास्नीची मुलगी. कास्नीला आम्ही सगळ्या यू कास्नी म्हणतो, म्हणजे कास्नीताई. तिची जकार्तात खानावळ आहे, आमच्याकडच्या निम्म्या बायकांची असते तशी, काचेच्या कपाटात वाट्या मांडलेल्या, बाकावर रिक्षावाले नि मजूर. ती आणि तिची नणंद पाळीपाळीने चालवतात. चार महिने ही जकार्तात, ती गावी, मग चार महिने ती तिकडे, ही इकडे. नवरा जहाजावर. त्यामुळे वेनिंग अर्धं वर्ष आईकडे आणि अर्धं वर्ष आत्याकडे अशी वाढली.

शाळेत असताना ती मुदीशी भांडायची. तिच्या वयाचं दुसरं कुणी त्याच्यासमोर तोंड उघडत नसे. गाड्यांच्या शर्यतीच्या एका खेळावरून त्यांचं जुंपलं होतं. मुदीचं म्हणणं, गाडी भिंतीवर आदळते आणि पत्र्याला पोचा येत नाही, हे काय आहे? ती म्हणाली, "मास, खेळ कुठे चुकलाय तेवढंच तुम्ही बघता. खेळताना माणसाला काय होतं ते बघतच नाही."

त्यावर तो हसला होता, पण दुसऱ्या दिवशी वहीत त्या मताखाली त्याने एक ओळ वाढवली होती, 'तरी खेळताना पोटात खड्डा पडतो, हे खरं.' ती ओळ तिच्यासाठी होती हे दोघांनाही कळलं होतं.

वेनिंग शिकायला सेमारांगला गेली, कॉम्प्युटरचंच शिकली. शेवटच्या वर्षी तिने आणि तिच्या एका मैत्रिणीने मिळून खेळ बनवला. मैत्रिणीने चित्रं काढली, बाकी सगळं हिचं. इंटरनेटवर कुणालाही फुकट घेता येईल असा ठेवला आणि मुदीला वेगळी चिठ्ठी पाठवली. चिठ्ठी त्याने मला दाखवली होती. लिहिलं होतं, मास, हळूहळू खेळा, घाई नाही, पण शेवटपर्यंत खेळा.

खेळ असा होता. तुम्ही खानावळवाली बाई. सकाळ होते, भात ठेवायचा, सोयाबीनचे टेंपे परतायचे, गिऱ्हाईक येतं, वाढायचं, ताटं उचलायची, विसळायची. दिवस संपतो. दुसरा दिवस उजाडतो. पुन्हा तेच. असे दिवस किती, ते खेळ सांगत नाही.

मुदीच्या कारखान्यात त्या दिवसांत काम फार होतं, आणि पानावर आठवडाभर काही आलं नव्हतं म्हणून लोक टोचत होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो धावत आला, वेनिंगचा खेळ उघडला, खेळातल्या पाचव्या दिवसापर्यंत खेळला असेल. मी शेजारी उभी होते; मला सगळे बू रुम म्हणतात. म्हणाला, "बू रुम, ही पोरगी मला भांडी घासायला लावतेय." मी हसले. मी हसले नसते तर त्याने लिहिलं नसतं असं मी म्हणणार नाही, पण हसले हे खरं.

तिथेच बसून त्याने लिहिलं. 'या खेळात ताटं विसळायची असतात. ती झाली की आणखी ताटं विसळायची असतात. माझ्या बहिणीच्या मोरीत हा खेळ रोज फुकट मिळतो, आणि शेवटी जेवायलाही मिळतं. दहापैकी दोन. एक पाण्याच्या आवाजाला, एक फेसाला.'

आजवर त्याच्या कुठल्याच मतावर लोक इतके हसले नव्हते. दोन दिवसांत ते सगळीकडे फिरलं. दुसऱ्या लोकांनी आपल्या पानांवर घेतलं, कुणी मोरीचा फोटो काढून खाली लिहिलं, 'मी पण खेळतोय.' ज्यांनी खेळ बघितलाही नव्हता ते हसत होते.

तिसऱ्या दिवशी वेनिंगने खाली एवढंच विचारलं, 'मास, कुठपर्यंत खेळलात?'

मुदीने उत्तर दिलं, 'ताटं संपेपर्यंत.'

त्यावरही लोक हसले. वेनिंगने पुढे काही लिहिलं नाही. दोन आठवड्यांनी खेळ इंटरनेटवरून गेला. मुदीच्या ते लक्षातही आलं नाही, नवे खेळ येत होते.

तीन महिन्यांनी यू कास्नीची पाळी संपली आणि ती गावी आली. येताना सगळ्यांना काही ना काही आणते. माझ्याकडे बिस्किटांचा डबा घेऊन आली, चहा झाला. बोलता बोलता म्हणाली, वेनिंगने सेमारांगला विम्याच्या कचेरीत नोकरी धरली. मी म्हटलं, का गं, ती तर खेळ बनवणार होती. तर म्हणाली, बनवला होता एक, कुणाला आवडला नाही म्हणते, म्हणून सोडलं. मग आवाज जरा खाली आणून मला सांगितलं, "त्यात मी आहे म्हणे. मला कुणी दाखवला नाही. मोबाईलवर चालत नाही ना तो."

मुदी चार नंबरवर बसलेला होता. त्याची पाठ आमच्याकडे होती, पण बोटं थांबलेली मला दिसली.

कास्नीनेच त्याला हाक मारली. "मुदी, तू तर सगळे खेळ बघतोस. तुला कसा वाटला रे आमच्या वेनिंगचा?"

तो उठून उभा राहिला. एवढ्या वर्षांत मत विचारल्यावर उठून उभा राहिलेला मी त्याला बघितला नव्हता. म्हणाला, "मी पुरता खेळलो नाही, यू."

"मग खेळ की आता. मलाही बघायला मिळेल."

इंटरनेटवर नसला तरी त्या कॉम्प्युटरवर खेळ तसाच पडून होता. कास्नी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. सलग पाच दुपारी ती दोघं तिथे होती. मी मधून चहाची मातीची किटली आणि ताहू अची, म्हणजे टोफूचे तळलेले तुकडे, ठेवून यायची. पहिल्या दुपारी कास्नी फक्त चुका काढत होती. भाताचा डाव मी डाव्या हातात धरते. कांगकुंगची पालेभाजी एवढी शिजवत नाहीत. हा रिक्षावाला रोज मिरची जास्त मागतो, हे मात्र तिला कसं आठवलं, ती तर सात वर्षांची होती तेव्हा, एकदाच आली होती जकार्ताला. दुसऱ्या दुपारपासून ती चुका काढेनाशी झाली.

मुदीने मला नंतर सांगितलं की चाळिसाव्या दिवसाच्या पुढे हात आपोआप चालतात. मग बारीकसारीक दिसायला लागतं. एक गिऱ्हाईक यायचं बंद होतं. भिंतीवरच्या फोटोत एक मुलगी आहे, ती आधी दिसतच नाही. मध्ये दोनदा गावाहून फोन येतो आणि तेव्हाही ताटं विसळतच बोलावं लागतं, त्यामुळे पाण्याच्या आवाजात मुलगी काय म्हणते ते नीट कळत नाही.

पाचव्या दुपारी एकशे विसावा दिवस संपला. एकशे एकविसाव्या सकाळी ताटं नव्हती. बाई बसमधून गावी उतरते. त्याच थांब्यावर नणंद पिशवी घेऊन चढते, आता तिची पाळी. आणि मुलगी, आई उतरलीय तिच्याकडे न बघता, बसच्या मागे पळते. आत्यासाठी रडत.

आतापर्यंत दुकानातली बाकीची पोरंही मागे येऊन उभी राहिली होती. कुणी हसलं नाही.

पुढे घर दिसतं. मुलगी कोपऱ्यात, पाठ करून. बाईला काय करायचं सुचत नाही आणि खेळणाऱ्यालाही सुचत नाही, कारण एवढ्या दिवसांत खेळाने त्याला एकच काम शिकवलंय. मोरीत ताटं असतात. मुदी ती विसळायला लागला. बऱ्याच वेळाने बाजूने एक लहान हात येतो आणि विसळलेलं ताट पुसायला घेतो. पुढचं ताट नसतं. खेळ तिथे संपतो.

 कास्नी म्हणाली, "खरं तर ती तीन दिवस माझ्याजवळ आली नव्हती. इथे खेळातली मुलगी तिने लवकर आणलीय."

मुदीने मान खाली घातली. मग त्याने स्वतःहून आपलं पान उघडलं आणि ते मत तिच्यासमोर धरलं. मला वाटलं, कशाला दाखवतोय, तिला माहीत नाही तर राहू दे. पण त्याने वाचून दाखवलं, सगळं, फेसासकट. कास्नीला मोरीच्या वाक्यावर हसू आलं.

"चांगलं लिहितोस," ती म्हणाली. मग विचारलं, "वेनिंगने वाचलं का हे?"

तो हो म्हणाला. ती उठली, चपला घातल्या, आणि मला येते म्हणून गेली. 

मुदीने त्या आठवड्यात दुसरं मत लिहिलं. त्याच्या सगळ्या मतांत ते लांब. आपण खेळातले पाचच दिवस खेळलो होतो, खोटं बोललो, हेही लिहिलं. मोजक्या माणसांनी वाचलं. एकाने खाली विचारलं, मास, यात विनोद कुठेय? जे मोरीचे फोटो टाकत होते त्यांच्यापैकी एकही तिकडे फिरकला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी तो सेमारांगला गेला. आधी कळवलं होतं. वेनिंग त्याला भेटली, घराजवळच्या खानावळीत जेवायला घातलं. तिथे काय झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना तिचे शब्द जसेच्या तसे सांगायची काळजी घेतली.

त्याने माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे, मास, हसणारे तुम्ही एकटे नव्हता. मग जेवण अर्धं झाल्यावर म्हणाली, "बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. ते खेळतच नाहीत. पण तुमचं मला माहीत होतं. कॉलेजात मी सगळ्यांना सांगायचे, आमच्याकडे एक माणूस आहे, तो शेवटपर्यंत खेळल्याशिवाय बोलत नाही."

तो म्हणाला, "ते मी पाचच दिवस खेळून लिहिलं होतं, निंग."

"आता कळलं. तेव्हा तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, ताटं संपेपर्यंत." मग तिने विचारलं, "मास, त्या खेळात ताटं कधी संपतात?"

मुदी सांगत होता की हे तिने विचारलं तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. ताटं शेवटच्या दिवशीच संपतात. लोकांना हसवायला त्याने जी ओळ टाकली तिचा तिने सरळ अर्थ घेतला होता. तिला वाटलं, याने सगळं बघितलं, बस बघितली, तो हात बघितला, आणि सगळं बघून दोन गुण दिले.

तो म्हणाला, खेळ पुन्हा ठेव इंटरनेटवर, मी लिहीन, घरोघर जाऊन सांगेन. ती म्हणाली, "नाही हो. तो मी पुसून टाकला, माझ्याकडचा आणि मैत्रिणीकडचाही. रागाने नाही. आईचं सगळं आयुष्य मी लोकांना हसायला दिलं असं वाटायला लागलं होतं." विम्याच्या कचेरीत बरं चाललंय असंही म्हणाली. तिथली माणसं चांगली आहेत. पुन्हा खेळ बनवशील का, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्याला गाडीत बसवून द्यायला ती स्टेशनवर आली होती.

तेगलला उतरला तो तसाच धावत माझ्याकडे आला. चार नंबरवरची तेवढी एकच प्रत आता उरली होती, ती त्याला दुसरीकडे उतरवून ठेवायची होती. मला ते सांगायला तोंड नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी सगळ्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला होता. दुरुस्तीवाल्याने विचारलं, काही ठेवायचंय का? मी म्हटलं, काही नाही, सगळं पुसून नव्याने टाक. त्या क्षणी माझ्या डोक्यात वेनिंगचा खेळ आलाच नाही. पाच दुपारी माझ्या डोळ्यांसमोर चालला होता, तरी.

हे सगळं मी मुदीला सांगितलं. तो खुर्चीवर बसला, कॉम्प्युटर चालू केला, सगळीकडे शोधलं, दुसऱ्या अकरांवरही शोधलं. मग बंद केला. त्याने पान बंद केलं ते त्याच महिन्यात. लोकांनी आठवडाभर चौकशी केली, मग दुसरा कुणी मतं देणारा निघाला.

पुढची चार महिन्यांची पाळी करून यू कास्नी परत आली तेव्हा सकाळचीच दुकानात आली. मुदीला त्या दिवशी सुट्टी होती, तोही तिथेच होता. ती म्हणाली, जकार्तात ताटं विसळताना मला ते सारखं आठवायचं, एकदा पुन्हा लाव ना, नुसतं शेवटचं तेवढं. मी तिला झालं ते सांगितलं, माझ्यामुळे झालं हेही. ती बाकावर बसली. ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. म्हणाली, "एकदा बघितला, तेवढं तरी झालं." मग मुदीकडे बघून म्हणाली, "तुला आठवत असेल ना सगळं? सांग मला."

तो तिच्याजवळ बाकावर बसला आणि सांगायला लागला, पहिल्या दिवसापासून. भात, टेंपे, पहिलं गिऱ्हाईक. ती मध्येच काही विचारायची, तो आठवून सांगायचा. दुकानात माणसं येत होती, मी त्यांना खुर्च्या दाखवत होते, त्यामुळे मला तुटक ऐकू येत होतं. साठाव्या दिवसानंतर कुठेतरी तो अडखळला. ते यायचं बंद झालेलं गिऱ्हाईक पुन्हा येतं की येतच नाही, हे त्याला काही केल्या आठवेना. कास्नीलाही आठवेना. दोघांनी मला विचारलं. खेळात तो भाग चालला होता तेव्हा मी बहुतेक चहा आणायला आत गेले होते.